‘तेव्हाही येशू झोपला होता का?’ : रविवार शाळेतल्या एका प्रश्नाचा प्रकरण अभ्यास

वर्ग आठ ते अकरा वर्षांच्या मुलांचा. शिकवणाऱ्या ताई अनुभवी, मुलांच्या लाडक्या. पाठ मार्काच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायाचा, येशू वादळ शांत करतो तो. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मुलांच्या कामाकडे लक्ष देणाऱ्या गटात मी आहे, त्यामुळे त्या दिवशी वर्गात मागे बसले होते. नंतरच्या तयारीतही ताईंबरोबर होते. मुलांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. घटना साधीच आहे, पण मुलांना विश्वासाच्या गोष्टी शिकवताना प्रश्नाचं काम नेमकं काय, हे तिच्यातून फार स्पष्ट दिसलं, म्हणून ती सविस्तर मांडते आहे.

पहिला रविवार

ताईंनी गोष्ट उत्तम सांगितली. संध्याकाळ, सरोवर, अचानक उठलेला वारा, होडीत शिरणाऱ्या लाटा आणि मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलेला येशू. मुलं गुंगून ऐकत होती. गोष्ट संपली आणि प्रश्न सुरू झाले.

‘होडीत कोण कोण होतं?’ ‘येशू काय करत होता?’ ‘वादळ कुणी शांत केलं?’ ‘आपल्याला भीती वाटली की आपण काय करायचं?’

उत्तरं एका सुरात आली. येशू आणि शिष्य. झोपला होता. येशूने. प्रार्थना करायची. प्रत्येक उत्तरामागे ‘शाब्बास’ आणि त्यामागे लगेच पुढचा प्रश्न. काही मिनिटांत सगळं आटोपलं. वचनाचं पाठांतर सुरू होणार, एवढ्यात नऊ वर्षांचा एक मुलगा हात वर न करताच बोलला, ‘मग माझ्या आजोबांच्या वेळीपण येशू झोपला होता का? आम्ही रोज प्रार्थना करत होतो.’

वर्ग गप्प झाला. ताई मायेने म्हणाल्या, ‘नाही रे बाळा, देव कधीच झोपत नाही. तो आपली प्रार्थना नेहमी ऐकतो.’ आणि पाठांतर सुरू झालं. मुलानेही सगळ्यांबरोबर वचन म्हटलं. त्यानंतर तास संपेपर्यंत तो काही बोलला नाही.

ताईंचं उत्तर चुकीचं नव्हतं. इस्राएलाचा रक्षणकर्ता डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही, असं १२१ व्या स्तोत्रात आहेच. पण दहा मिनिटांपूर्वी त्याच मुलाने, त्याच ताईंच्या तोंडून, येशू झोपला होता असं ऐकलं होतं. त्याने गोष्ट ऐकली, घरात घडलेल्या गोष्टीशेजारी ठेवली आणि दोन्हींमध्ये जे जुळत नव्हतं ते बोलून दाखवलं. त्या तासात विचारल्या गेलेल्या सगळ्या प्रश्नांत शास्त्रभागाच्या सर्वांत जवळ गेलेला प्रश्न हाच होता.

वर्ग सुटल्यावर ताई आपणहून म्हणाल्या, ‘त्याला काय विचारायचं होतं ते मला कळलं हो. पण तिथे थांबले असते तर पुढे काय बोलायचं, ते सुचेना.’ हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलांचे प्रश्न वर्गात मागे पडतात त्यामागे बहुतेक वेळा शिक्षकाची बेपर्वाई नसते. समोर आलेलं दुःख आपल्या हातून आणखी दुखावेल, ही काळजी असते.

बरोबर उत्तराच्या आड

वर्गातल्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी १९७० च्या दशकात एक साचा नोंदवून ठेवला आहे. शिक्षक विचारतो, मूल उत्तर देतं, शिक्षक उत्तराला बरोबर-चूक ठरवतो, की पुढचा प्रश्न. हा साचा जगभरच्या शाळांत आढळतो आणि त्याचा उपयोगही आहे. होडीत कोण होतं हेच ज्याला माहीत नाही, ते मूल पुढे विचार कशावर करणार? म्हणून आठवणीचे प्रश्न मी कमी लेखत नाही.

रविवार शाळेत मात्र या साच्याला एक जास्तीची अडचण चिकटते. इथली बरोबर उत्तरं ठरलेली आणि मोजकी असतात : येशू, देव, प्रार्थना, विश्वास, प्रेम. चार-सहा महिने नियमित येणारं मूल गोष्ट न ऐकताही ती अचूक देऊ शकतं. गणितात चुकलेलं उत्तर मुलाचं कुठे अडलं ते उघड करतं. इथे बरोबर आलेलं उत्तर मुलाच्या मनात काय चाललंय ते झाकून टाकतं. शिवाय ते भक्तीच्या भाषेत असल्यामुळे ऐकणाऱ्या मोठ्या माणसाला समाधान वाटतं आणि तो पुढे चौकशी करत नाही. त्या दिवशी ‘प्रार्थना करायची’ हे उत्तर देणाऱ्यांत तो मुलगाही होता. उत्तर बरोबर देऊन त्याचा प्रश्न तसाच उरला होता.

ही सवय आली कुठून, हेही पाहायला हवं. प्रश्नोत्तरांतून विश्वास शिकवण्याची परंपरा मोठी आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरावली (विश्वासाचे प्रश्न आणि त्यांची ठरलेली उत्तरं यांची पुस्तिका) १५२९ ची, हायडेलबर्गची १५६३ ची आणि १२९ प्रश्नांची, वेस्टमिन्स्टरची लहान प्रश्नोत्तरावली पुढच्या शतकातली, १०७ प्रश्नांची. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर इथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांसाठी रविवारचे वर्ग सुरू केले. तिथे वाचनाबरोबर प्रश्नोत्तरावलीही शिकवली जाई. म्हणजे रविवार शाळेला प्रश्न जन्मापासून ओळखीचे आहेत. फक्त ते छापील उत्तरासह येत. या परंपरेला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. हायडेलबर्गचा पहिलाच प्रश्न, जगण्यात आणि मरणात तुझा एकमेव दिलासा कोणता, हा थेट ‘तुला’ विचारलेला आहे, आणि आजोबा गमावलेल्या मुलाच्या मनातला प्रश्न त्याच्यापासून फार लांब नाही. पण एवढ्या खोल प्रश्नाचं उत्तर मुलाने स्वतः शोधायला लागण्याआधीच त्याच्या हातात ठेवलं, की प्रश्न विरून जातो आणि पाठांतर उरतं.

पवित्र शास्त्रात याहून जुनी एक रीत आहे आणि तिच्यात क्रम उलटा आहे. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातल्या गुलामगिरीतून सुटकेच्या सणाचा, विधी सांगताना मोशे म्हणतो, तुमची मुलं तुम्हाला विचारतील की या सेवेचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सांगा. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदीतून उचललेले बारा दगड रचले जातात, आणि पुढे मुलं विचारतील की हे दगड कशासाठी, तेव्हा उत्तर द्या, असं सांगितलं जातं. आधी मुलाला विचारावंसं वाटेल असं काहीतरी समोर ठेवायचं, मग त्याच्या विचारण्याची वाट पाहायची, मग सांगायचं. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत आणि प्रश्न विचारत असतो. लूकाच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडचे पहिले शब्द म्हणजे आईबापांना विचारलेला प्रश्न आहे. योहानाच्या शुभवर्तमानातही त्याचं पहिलं वाक्य प्रश्नच आहे, मागे येणाऱ्या दोघांना तो विचारतो, तुम्ही काय शोधता?

आणि वादळाची गोष्ट तर प्रश्नांवरच उभी आहे. शिष्य विचारतात, आपण बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का? येशू विचारतो, तुम्ही इतके का घाबरलात, तुम्हाला अजून विश्वास नाही का? आणि शेवटी शिष्य एकमेकांना विचारतात, हा आहे तरी कोण? मार्क या प्रश्नावर गोष्ट संपवतो. उत्तर लिहीत नाही. आमच्या पुस्तिकेतल्या प्रश्नांत यातला एकही नव्हता.

तयारी

पुढच्या रविवारी हाच शास्त्रभाग पुन्हा घ्यायचं ताईंनी ठरवलं. त्याआधी त्या मुलाच्या घरी गेल्या. आईसमोर त्याला विचारलं, ‘तू विचारलंस त्यावर आपण वर्गात बोलूया का?’ तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, ‘प्रश्न चालेल. आजोबांचं नको.’ ताईंनी ते शब्दशः पाळलं. यावर मी मुद्दाम जोर देते, कारण प्रश्नांचं महत्त्व एकदा पटलं की मुलांच्या मनात हात घालण्याचा मोह फार लवकर होतो. सगळ्यांसमोर ‘तुला तेव्हा कसं वाटलं?’ असं एखाद्या दुःखी मुलाला विचारणं हे शिकवणं नव्हे. ज्याला उत्तर द्यायचं नाही त्याला गप्प राहता आलं पाहिजे, आणि गप्प राहिल्याबद्दल काही ऐकून घ्यावं लागता कामा नये.

प्रश्न तयार करायला आम्ही दोघी बसलो. कसोटी एकच ठेवली : हा प्रश्न विचारताना उत्तर आपल्याकडे आधीच तयार आहे का? असेल, तर तो आठवणीचा प्रश्न, सुरुवातीला दोन-तीन पुरेत. त्या कसोटीवर बरेच प्रश्न गळाले. ‘शिष्यांनी घाबरायला हवं होतं का?’ हा पहिल्यांदा छान वाटला, पण त्याचं ‘नाही’ हे उत्तर विचारणाऱ्याच्या आवाजातच असतं. ‘तुम्हाला कधी खूप भीती वाटली होती?’ हा ताईंना हवा होता. मला नको होता, कारण मोठ्या गटात त्याची शर्यत होते, प्रत्येक मूल आधीच्यापेक्षा भयंकर गोष्ट सांगतं आणि शास्त्रभाग बाजूला पडतो. शेवटी त्यांनीच तो काढला.

मुख्य प्रश्न ठरला तो ताईंना सुचला, मला नाही : शिष्यांनी येशूला उठवलं तेव्हा ते कसल्या आवाजात बोलले असतील?

हा प्रश्न इतका चांगला का, ते सांगते. मार्क आवाज सांगत नाही, त्यामुळे पुस्तकात बघून उत्तर देता येत नाही. पण वाट्टेल ते उत्तरही चालत नाही, कारण वादळ, लाटा, शिष्यांचे शब्द हे सगळं समोर आहे आणि उत्तर त्याच्याशी जुळावं लागतं. आठ वर्षांचं मूलही तो आवाज काढून दाखवू शकतं आणि अकरा वर्षांचं त्याचं कारण देऊ शकतं. आणि आपल्या आयुष्यातलं काही उघड न करताही मूल स्वतःची भीती, स्वतःचा राग त्या आवाजात ओतू शकतं. ज्या मुलाला आजोबांबद्दल बोलायचं नाही, त्याच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे!

लहान मुलांच्या धर्मशिक्षणात असे खुले प्रश्न रुजवणाऱ्यांत रोममध्ये १९५४ पासून काम केलेल्या सोफिया काव्हालेत्ती यांचं नाव घ्यावं लागेल. जेरोम बेरीमन यांनी पुढे तोच धागा घेऊन ‘मला नवल वाटतं की...’ अशा सुरुवातीचे प्रश्न वापरले. आम्ही त्यांची पद्धत जशीच्या तशी घेतली नाही. पण विचारणाऱ्यालाही खरंच नवल वाटत असलं पाहिजे, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

दुसरा रविवार

ताईंनी शास्त्रभाग एका मोठ्या मुलीकडून वाचून घेतला, दोन आठवणीचे प्रश्न विचारले, आणि मग आवाजाचा.

कुणीच बोललं नाही. ताईंनी मनातल्या मनात आकडे मोजायचं ठरवलं होतं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि हीच वाट तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून लांबवली तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प मुलं बोलू लागतात आणि मुलं आपले प्रश्न जास्त विचारतात. वाचायला हे सोपं आहे. उभं राहून गप्प थांबताना तीन सेकंद फार लांब वाटतात, आणि ताई त्याहून जास्त थांबल्या.

‘हळू आवाजात,’ एक मुलगा म्हणाला, ‘कारण तो गुरू आहे.’

‘वादळात हळू बोललं तर ऐकू कसं येणार? ओरडूनच!’

‘रडत रडत.’

ताई ‘शाब्बास’ म्हणाल्या नाहीत. प्रत्येकाला एवढंच विचारलं, ‘असं तुला कशावरून वाटतं?’ आणि पुढच्याकडे पाहिलं. मग अकरा वर्षांची एक मुलगी म्हणाली, ‘रागाने. तुम्हाला काळजी नाही का, असं आपण आपल्या माणसालाच विचारतो. परक्याला कशाला विचारू?’

मी हे वाक्य तिथेच लिहून घेतलं. शिष्यांचा प्रश्न हा अविश्वास आहे की जवळीक, यावर मोठ्यांच्या सभेत तासभर बोलता येईल.

ताईंचा पुढचा प्रश्न त्या उत्तरातून निघाला, तयारीत नव्हता. ‘मग येशू त्यांच्यावर रागावला का?’ मुलांनी पुस्तकं उघडली. मार्कात येशू आधी वारा थांबवतो आणि मग शिष्यांना विचारतो. एकाने मत्तयाचा आठवा अध्याय काढला होता, तो ओरडला, ‘इथे उलटं आहे! इथे आधी विचारतो, मग थांबवतो.’ खरंच तसं आहे. बराच वेळ मुलं दोन्ही ठिकाणं पडताळत राहिली. कुणी सांगितलेलं नसताना शास्त्र शेजारी शेजारी ठेवून वाचणं त्यांनी सुरू केलं होतं. ‘आधी वाचवलं, मग बोलला, हेच मला आवडतं,’ असं एकीने सांगून टाकलं.

मग पहिल्या रविवारी कुणाच्याच नजरेत न आलेली एक ओळ एका मुलाला सापडली. ‘दुसऱ्या होड्यापण बरोबर होत्या असं लिहिलंय. त्यांच्यात तर येशू नव्हता. त्यांचं काय झालं?’

‘वारा थांबला म्हणजे सगळ्यांसाठीच थांबला ना,’ शेजारची म्हणाली.

तेव्हा तो नऊ वर्षांचा मुलगा बोलला. ‘पण त्याच्याआधी कुणी बुडलं असेल तर?’

ताईंनी या वेळी पाठांतराकडे धाव घेतली नाही. त्या म्हणाल्या, ‘मार्क ते सांगत नाही. आणि मलाही माहीत नाही.’ थोडं थांबून त्यांनी योहानाचा अकरावा अध्याय उघडला आणि दोन ठिकाणं वाचली. लाजर मेल्यावर मार्था येशूला म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने तिची बहीण मरिया येते आणि अगदी तेच म्हणते. आणि येशू रडतो. ताईंनी त्यावर स्पष्टीकरण दिलं नाही.

‘म्हणजे त्या दोघीपण त्याला तसंच म्हणाल्या,’ मुलगा म्हणाला.

‘हो. दोघीही.’

त्याने मान हलवली. त्याच्या दुःखाचं उत्तर त्याला मिळालं, असं मी म्हणणार नाही. पण त्याने जे विचारलं ते विचारणारी माणसं शास्त्रातच आहेत, येशूच्या अगदी जवळची आहेत, आणि त्यांना कुणी गप्प केलेलं नाही, एवढं त्याने स्वतः वाचून घेतलं. हे ताईंनी पहिल्या रविवारी सांगून टाकलं असतं, तर ते आणखी एक बरोबर उत्तर झालं असतं.

सगळंच जमलं असंही नाही. पाठांतराला वेळ उरला नाही. दोन मुलं शेवटपर्यंत काही बोलली नाहीत, आणि ती विचारात होती की कंटाळली होती ते मला सांगता येत नाही. एक मुलगी अस्वस्थ झाली होती. तास संपल्यावर ताईंजवळ जाऊन म्हणाली, ‘टीचर, पण बरोबर उत्तर कोणतं?’ नेहमी पहिलं उत्तर देणारी हीच. ज्या खेळात ती हुशार होती त्याचे नियम तिला न विचारता बदलले होते, आणि अशा मुलांचा विचार आधी करायला हवा. पुढच्या पाठापासून ताई सुरुवातीलाच सांगू लागल्या की यातल्या कोणत्या प्रश्नांना एकच उत्तर आहे आणि कोणत्यांना नाही.

एक आक्षेप

मंडळीतल्या एका ज्येष्ठ काकांनी हे ऐकल्यावर हरकत घेतली. ‘मुलांना प्रश्नांत सोडून देणं म्हणजे आपली जबाबदारी टाळणं. विश्वास द्यायचा असतो, शंका नाही.’

त्यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. आपल्या घरची, आपल्या मंडळीची माणसं काय मानतात हे कळण्याचा मुलांना हक्क आहे. प्रश्नामागून प्रश्न विचारत राहून मोठ्याने स्वतःचा विश्वास लपवून ठेवला, तर मुलांना ते बरोबर समजतं आणि त्यांचा त्या माणसावरचा भरवसा जातो. म्हणून ताई आता शेवटी ‘माझा विश्वास असा आहे...’ असं स्पष्ट सांगतात. मात्र मुलांचं बोलून झाल्यावर, आणि ‘माझा’ हा शब्द न गाळता.

उरलेला अर्धा मला पटत नाही. त्या मुलाची शंका वर्गाने निर्माण केली नव्हती. ती घरून आली होती, रोजच्या प्रार्थनेतून आणि आजोबांच्या जाण्यातून आली होती. ती तिथे होतीच, आणि तिला वर्गात जागा द्यायची की नाही, एवढंच आमच्या हातात होतं. जागा दिली नसती तर ती नाहीशी झाली असती, असं मानायला मला काहीच आधार दिसत नाही. मुलाने ती फक्त आमच्याजवळ बोलायचं सोडलं असतं. काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘मग मला एकदा वर्गात बसू द्या.’ ते बसले, आणि मुलांनी त्यांनाच विचारलं की तुमच्या वेळी वादळ कधी आलं होतं. त्यांनी जे सांगितलं ते मुलं अगदी शांतपणे ऐकत होती.

सध्या

चार ते सहा वर्षांच्या गटात हीच पद्धत वापरून पाहिली, पण आवाजाचा प्रश्न तिथे चालला नाही. मुलं ओरडण्यातच रमली. त्या वयासाठी लाकडी होडी आणि माणसं हाताळायला देऊन ‘तू असतास तर कुठे बसला असतास?’ हा प्रश्न जास्त जमतो. मूल माणूस उचलून ठेवतं, बोललं नाही तरी उत्तर मिळतं.

मोठी अडचण बदली शिक्षकांची आहे. ऐनवेळी येणाऱ्याच्या हातात छापील पुस्तिका असते आणि ती उत्तरांसह असते. नवी पुस्तिका लिहायला आम्हाला वेळही नाही आणि तेवढा अधिकारही नाही. म्हणून सध्या प्रत्येक पाठाच्या छापील प्रश्नांतले पहिले तीन ठेवून बाकीचे आम्ही कागद चिकटवून झाकतो. त्या कागदावर ताईंच्या अक्षरात एक खुला प्रश्न असतो आणि खाली रिकाम्या ओळी. त्या ओळींत त्या दिवशी मुलांनी काय विचारलं ते शिक्षकाने लिहायचं. महिन्याच्या शेवटी ती पानं पाळकांकडे जातात. त्यांनी स्वतः मागून घेतली आहेत, आणि मोठ्यांच्या उपासनेत त्यातला एखादा प्रश्न घ्यायचा त्यांचा विचार आहे, मुलाचं नाव न घेता, आणि आधी त्याला विचारून.